गिअरचा खटका हँडलवर कसा आला

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खोपोली मागे पडली की चढ अंगावर येतो, आणि स्पर्धक हँडलवरची पकड न सोडता नुसत्या बोटाने गिअर हलका करतात. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण ही सोय सायकलच्या इतिहासात फार उशिरा आली, आणि माझ्या मते तिचं मोल गिअरच्या शोधाइतकंच आहे.

गिअरचा हिशोब सोपा आहे. पुढच्या चकतीला 44 आणि मागच्या चकतीला 22 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं. मागे 11 दाते असतील तर चारदा. पहिला गिअर चढाचा, दुसरा सपाटीचा. पेठांमधून फिरणारी जुनी काळी सायकल एकाच गिअरवर निभावून न्यायची. कात्रजचा घाट लागला की मात्र उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर नसे.

युरोपातल्या शर्यतींतही बराच काळ असंच होतं. टूर दि फ्रान्स 1910 मध्ये पिरिनीज पर्वतात शिरली, तीही डिरेलरशिवाय, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेशिवाय. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दात्यांची चकती असे. गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. पॉल द विवी यांच्यासारखे हौशी फ्रेंच सायकलपटू डिरेलरचा हिरिरीने प्रचार करत होते, पण शर्यतीचे संचालक आन्री देग्रांज यांचा त्याला सक्त विरोध होता. अखेर 1937 मध्ये परवानगी मिळाली आणि त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर वापरूनच जिंकले.

तरी हाताची ओढाताण संपली नव्हती. 1940 च्या दशकातली काम्पान्योलो या इटालियन कंपनीची ‘काम्बियो कोर्सा’ ही रचना पाहा. गिअर बदलायचे दोन्ही दांडे सीटखालच्या मागच्या नळीवर. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एका दांड्याने मागच्या चाकाची पकड सैल करायची, दुसऱ्याने चेन सरकवायची, त्याच वेळी पॅडल उलटं मारायचं आणि चाक पुन्हा आवळायचं. घाटात हे करणाऱ्यांना मनापासून सलाम.

पुढे दांडे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर आले. तिथे काम सोपं झालं, पण दांडा किती ओढायचा ते स्वारानेच ओळखायचं. जरा जास्त ओढला तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये खरखरायची.

1984 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने हा अंदाज माणसाकडून काढून यंत्राला दिला. दांड्याच्या आत दातेरी चकती आणि खिटी बसवली. एक खटका म्हणजे केबलची ठरलेली ओढ, आणि तेवढ्या ओढीने डिरेलर बरोबर एक चकती सरकणार. केबल फक्त एकाच दिशेने ओढू शकते. परतीचं काम डिरेलरमधली स्प्रिंग करते. सात गिअरच्या सायकलीत शेजारच्या दोन चकत्यांत जेमतेम 5 मिलिमीटर अंतर असतं, म्हणून शिफ्टर (गिअर बदलायचा दांडा), केबल, डिरेलर आणि चकत्या एकमेकांना जुळणाऱ्याच हव्यात. 1990 मध्ये शिमानोने हाच खटका ब्रेकच्या दांड्यात घातला आणि हात हँडलवर कायमचा स्थिरावला. 2009 मध्ये त्यांनी केबलच्या जागी विजेची तार आणि मोटर आणली.

दुकानात ‘21 गिअर’ ऐकून हुरळून जाऊ नये. पुढे तीन आणि मागे सात चकत्या म्हणजे 21 जोड्या खऱ्या, पण त्यांतल्या कितीतरी जवळजवळ सारख्याच पडतात. त्यापेक्षा खटका स्वच्छ पडतो का, ते पाहावं. पावसाळ्यात सिंहगड रस्त्याचा चिखल केबलच्या बाहेरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, शिरला की स्प्रिंगला केबल परत खेचता येत नाही. खटका पडतो आणि चेन जागची हलत नाही. अशा वेळी आधी आतली तार आणि बाहेरची नळी, म्हणजे इनर-आउटर, बदलून घ्यावं. नवी केबल थोड्याच दिवसांत जराशी सैलावते. मग मोठ्या चकतीवर चढताना चेन अडखळू लागली, तर मागच्या डिरेलरपाशी केबल शिरते तिथला छोटा गोल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा.