उघडा ट्रेलर

बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेला, माल थेट लोखंडी बेडवर ठेवून साखळ्या-पट्ट्यांनी बांधायचा ट्रेलर. तो पुढच्या टोकाला किंगपिनने, म्हणजे खाली असलेल्या जाड खुंटीने, हॉर्सला जोडतात. हॉर्स म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिनची गाडी, चालकांच्या बोलीतला घोडा. माल क्रेनने वरून चढवा किंवा फोर्कलिफ्टने बाजूने, अडचण येत नाही. त्यामुळे सळ्या, कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी), पाइप, गर्डर, ट्रान्सफॉर्मर, पोकलेन अशा एकमेकांशी काही नाते नसलेल्या मालाला हाच ट्रेलर लागतो. महाराष्ट्रात कळंबोलीचा लोखंड बाजार, जालन्याच्या रोलिंग मिल, न्हावा-शेवा बंदर आणि चाकण-तळेगावचा कारखानी पट्टा या ठिकाणी त्याची वर्दळ मोठी आहे.

ट्रेलर ठरवताना पहिला प्रश्न बहुधा टनांचा असतो. टनांचे उत्तर सोपे आहे, ते ॲक्सल देतात. जुलै 2018 मध्ये केंद्राने ॲक्सलभार वाढवले. त्यानुसार पुढच्या दोन चाकांच्या ॲक्सलला 7 टन, चार चाकांच्या एकेरी ॲक्सलला 11.5, जोड-ॲक्सलला 21 आणि तीन ॲक्सलच्या संचाला 27 टन चालतात. म्हणून तीन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर मिळून 55 टन होतात, तर घोडा दोन ॲक्सलचा असेल तर 45.5 टन. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा करायचे. 55 टनी गाडी साधारण 15 टनांची धरली, तर मालाला 40 टनांच्या आसपास उरतात. खरी अडचण माल किती उंच आहे आणि त्याचे वजन किती जागेत एकवटले आहे, या दोन गोष्टींत असते.

उंचीवरून तीन मुख्य प्रकार पडतात. साध्या फ्लॅट बेडची उंची जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असते. सेमी लो बेड मानेपाशी, म्हणजे घोड्यावर टेकणाऱ्या पुढच्या उंच भागापाशी, थोडा खाली उतरतो, मात्र त्याचा बेड चाकांच्या वरच राहतो. लो बेड मीटरभर किंवा त्याहून थोडा खाली असतो. वीस टनी पोकलेन बूम (खोदायचा हात) दुमडून तीन मीटरच्या घरात जाते. ती फ्लॅट बेडवर साडेचार मीटर होते आणि लो बेडवर चार. हा अर्धा मीटर महामार्गाच्या पुलाखाली जाणवत नाही. तो जाणवतो गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांखाली आणि रेल्वे फाटकाच्या उंचीमापक कमानीपाशी. रुंदीचाही घोळ आहे. नियमाने वाहन 2.6 मीटरपेक्षा रुंद नसावे आणि वीस टनी पोकलेनचे चालायचे पट्टेच बहुतेक वेळा 2.8 मीटर किंवा जास्त भरतात. म्हणजे कुठेही दिसणारे हे यंत्र कागदोपत्री ‘ओडीसी’, म्हणजे ठरल्या मापाबाहेरचा, माल ठरते आणि परवानगीच्या कक्षेत येते.

लो बेडलाही खोड आहे. मान आणि चाके यांच्यामधला सखल भाग हीच त्याची कामाची लांबी, आणि पोट खाली असल्यामुळे फाटकाच्या उंचवट्यावर किंवा घाटाच्या वळणावर ते घासते. यंत्र स्वतःच्या पट्ट्यांवर चालत मागच्या रॅम्पवरून चढते, ही त्याची खरी सोय.

कॉइलची गोष्ट वेगळी आहे. वीस-पंचवीस टनांची कॉइल दीडेक मीटर जागेत बसते, त्यामुळे सारा भार बेडच्या दोन-चार आडव्या पट्ट्यांवर येतो आणि पट्ट्या हलक्या असतील तर वाकतात. कॉइल नेहमीची असेल तर तिच्यासाठी खाच असलेला ट्रेलर घ्यावा. एरवी तगडे लाकडी ठोकळे आणि दोन्ही बाजूंनी पाचरी. ती मागे सरकवून ठेवली तर काट्यावर एकूण वजन 55 टनांच्या आत दिसूनही मागच्या तीन ॲक्सलवर 27 पेक्षा जास्त भरते. शिवाय घोड्यावरचा भार कमी होऊन चढावर त्याची पकड सुटू लागते. पुढे सरकवली तर उलटे.

लांब मालात 12 मीटरची सळई हे रोजचे माप. 40 फुटी बेड 12.2 मीटरचा असतो, म्हणून सळई जेमतेम मावते. आखूड बेडवरून टोके बाहेर काढून त्यांना लाल फडके बांधायची जुनी सवय आता महागात जाते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या सुधारणेनुसार बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आणि वर माल उतरवण्याचा खर्च आहे. जादा वजनालाही 20,000, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000. साताऱ्या-धुळ्याच्या पठारांवर जाणारी पवनचक्कीची पाती मात्र या हिशेबाबाहेरची. त्यांना लांबवता येणारे ट्रेलर आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरना प्रत्येक ॲक्सल वळणारे हायड्रॉलिक ट्रेलर लागतात. ते विकत घेण्यापेक्षा त्यातल्या जाणत्यांकडून भाड्याने आणलेले बरे.

बांधणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. युरोपीय मानक माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना 0.5 पट बळ धरायला सांगते. वीस टनी यंत्राला ते अनुक्रमे सोळा आणि दहा टन होते. लोखंडावर लोखंड ठेवले की घर्षण नाममात्र उरते. म्हणून यंत्राखाली लाकूड किंवा रबर हवे आणि साखळ्या अडकवायला बेडला भरपूर कड्या.

ज्याला आज सळई, उद्या पाइप, परवा यंत्र उचलायचे आहे त्याने 40 फुटी फ्लॅट बेड घ्यावा. ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे पकडणारी कुलपे) बसवलेले असतील तर न्हावा-शेव्याचा कंटेनरही मिळतो. लो बेडचे भाडे जास्त असते, पण यंत्र नागपूरला उतरवल्यावर परतीचा माल सहसा मिळत नाही आणि डिझेल दोन्ही बाजूंचे जळते. दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या मालकाला सेमी लो बेड बरा पडतो, जरी तो दोन्ही कामे थोडी थोडी अर्धवटच करतो.

जुना ट्रेलर घेताना मानेजवळच्या वेल्डिंगला तडे आहेत का आणि मुख्य तुळया मधोमध खाली बसल्या आहेत का, हे रिकाम्या गाडीवर पाहावे. साध्या ट्रेलरची किंगपिन दोन इंची आणि अवजड ट्रेलरची साडेतीन इंची असते. घोड्याचे फिफ्थ व्हील, म्हणजे किंगपिन पकडणारी चकती, त्याच मापाचे नसेल तर ट्रेलर जोडताच येत नाही.