स्वतःच स्वतःची साथ : घरच्या रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

घरी गाणं लिहिणं, त्याला चाल लावणं आणि ते रेकॉर्ड करणं, ही तिन्ही कामं आज एका दमात बोलली जातात. त्यातली पहिली दोन जुनीच. कवी घरीच लिहीत होते, संगीतकार पुढ्यात पेटी घेऊन घरीच चाली बांधत होते. अडत होतं तिसऱ्यापाशी. यंत्र महाग होतं हे खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं. आपलं गाणं एकट्याने उभं राहत नाही. ठेका धरायला एक जण लागतो, सूर धरायला दुसरा. घरात एकटा बसलेला माणूस ही साथ कुठून आणणार? घरच्या रेकॉर्डिंगचा इतिहास मला तरी या एका अडचणीचाच इतिहास वाटतो. माइक कोणता आणि सॉफ्टवेअर कोणतं हे त्यानंतरचे प्रश्न.

मराठीत घरी रचल्या गेलेल्या गाण्यांचा सर्वांत मोठा साठा कुणा एका नावाजलेल्या कवीचा नाही, तो जात्यावरच्या ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा कागदावर उतरवलेल्या आहेत. काहींचं ध्वनिमुद्रण 1990 च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहकार्याने झालं आणि आता ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ते ऐकता येतं. ते ऐकताना एक गोष्ट लगेच कानात भरते. जात्याचा खुंटा पुष्कळदा दोघींच्या हातात असतो. एकीने ओळ काढली की दुसरी ती उचलते. ठेका जात्याचाच. म्हणजे पहाटेच्या अंधारात, चार भिंतींच्या आतसुद्धा बाई एकटी गात नव्हती. साथ आधीच जुळलेली होती, फक्त ती साठवून ठेवणारं काही घरात नव्हतं.

साठवणारं यंत्र आलं 1877 मध्ये, एडिसनचं. त्याच्या फोनोग्राफची गंमत अशी की तो ऐकवायचाही आणि मुद्रितही करायचा. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या, तेव्हा वरचा थर तासून त्याच नळकांड्यावर पुन्हा आवाज भरता येई. म्हणजे घरी रेकॉर्डिंग करण्याची सोय अगदी पहिल्याच यंत्रात होती. ती हिरावली ग्रामोफोनने. 1887 मध्ये बर्लिनरने पेटंट घेतलेली चपटी तबकडी एका साच्यावरून हजारोंनी छापता येत होती, ठेवायला सोपी होती, पण घरचं यंत्र ती फक्त वाजवू शकत होतं. गाणारे एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे अशी फाळणी इथे झाली आणि ती बराच काळ टिकली.

भारतात हे यंत्र आलं तेच कंपनीच्या हातात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला उतरला आणि त्याने गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगतात, ते अनेकांना ठसक्याचं वाटतं. पण त्यामागचं कारण साधं होतं. साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं हे कळायला हवं होतं.

मराठी भावगीत याच तीन मिनिटांत वाढलं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता तबकडीवर गायली आणि एक नवीच वाट पडली: कविता घरात लिहिलेली, चाल सुटसुटीत, एक ध्रुवपद, दोन-तीन कडवी, संपलं. आजही घरी गाणं लिहायला बसलेला मुलगा नकळत तीन-साडेतीन मिनिटांचाच हिशेब करतो. तबकडी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तिचं माप मात्र राहिलं. (मोबाइलवरच्या रील्सनी ते माप आणखी कमी करत आणलंय, पण तो वेगळा विषय.)

लिहिणं घरी आणि मुद्रण बाहेर, ही विभागणी सर्वांत ठळक दिसते ती 'गीतरामायणा'त. 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर, दर आठवड्याला नवं गीत, एकूण 56. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि गायक-वादक जमायचे पुणे आकाशवाणीत. स्टुडिओ म्हणजे चांगली खोली आणि चांगला माइक, एवढंच नव्हतं. वाद्यवृंद एका वेळी एका जागी हजर असण्याची ती जागा होती. ते घरात कसं आणणार?

उत्तर सापडलं अमेरिकेत, एका गिटारवाल्याच्या गॅरेजमध्ये. लेस पॉलने हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजात तबकडी कोरणारी यंत्रं मांडली होती. एका तबकडीवर गिटार मुद्रित करायची, ती वाजवत तिच्यावर दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायच्या, मग तिसरी. 1948 मध्ये कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या त्याच्या एका तबकडीवर अशा आठ गिटारी आहेत आणि आठही त्याच्याच. सातव्या थराला चूक झाली तर मागचं सगळं पुन्हा. पण एका माणसाने स्वतःला साथ दिली होती.

मग टेप आली. टेपरेकॉर्डर मूळचा जर्मन. 1935 मध्ये एईजी कंपनीने 'मॅग्नेटोफोन' बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला होता. महायुद्धानंतर तो अमेरिकेत पोचला, गायक बिंग क्रॉस्बीने त्यात पैसे घातले आणि अँपेक्स कंपनीचं एक यंत्र लेस पॉलला भेट दिलं. लेस पॉलने त्याला एक जास्तीचा हेड, म्हणजे टेपवर आवाज भरणारा किंवा टेपवरचा ऐकवणारा भाग, बसवून घेतला. मग त्याची गायिका बायको मेरी फोर्ड हिचा आवाज स्वतःच्याच आवाजाबरोबर गाऊ लागला, आणि 1951 मध्ये घरच्या रेकॉर्डिंगमधून बाहेर पडलेलं त्या दोघांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

इथे एका तांत्रिक अडचणीपाशी जरा थांबतो, कारण ती अजून संपलेली नाही. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरणारा हेड वेगळा आणि ऐकवणारा वेगळा, दोघांमध्ये थोडं अंतर. ते अंतर पाच सेंटीमीटर धरलं आणि टेप सेकंदाला 38 सेंटीमीटर धावत असली, तर आधीचा ट्रॅक (आवाजाचा एक थर) ऐकत नवा भरताना दोघांत सेकंदाचा सुमारे आठवा भाग एवढी फट पडते. गाणाऱ्याला वाटतं आपण समेवर आलो, टेपवर मात्र सम निघून गेलेली असते. तोडगा निघाला तो असा की भरणाऱ्या हेडकडूनच, नवा ट्रॅक भरत असताना, जुने ट्रॅक ऐकवूनही घ्यायचे. अँपेक्सने 1957 मध्ये लेस पॉलला आठ ट्रॅकचं यंत्र करून दिलं ते याच तत्त्वावर. ही युक्ती नसती तर 'मल्टिट्रॅक' हा शब्द निव्वळ शोभेचा राहिला असता.

ते यंत्र अर्थातच घरात ठेवण्याच्या किमतीचं नव्हतं. सामान्य माणसाच्या हाती टेप आली ती कॅसेटमधून. फिलिप्सने 1963 मध्ये ती बाजारात आणली, आणि आपल्याकडे 'टू-इन-वन' घरोघर पोचायला 1980 चं दशक उजाडलं. कॅसेटचा कारखाना काढायला फार मोठं भांडवल लागत नव्हतं. त्यामुळे बड्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं ती लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं छोट्या कंपन्यांच्या कॅसेटींवर आली आणि जत्रेत, एसटी स्टँडवर विकली जाऊ लागली. पायरसीही त्याच वाटेने आली.

घरातला टेपरेकॉर्डर मात्र एकाच थराचा. आमच्या गल्लीत एक जुगाड चालायचा: शेजाऱ्याचा टेप उसना आणायचा. एका टेपवर पेटी आणि ठेका भरून घ्यायचा, तो मोठ्याने वाजवायचा आणि समोर बसून गाताना दुसऱ्या टेपचं लाल बटण दाबायचं. लेस पॉलचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण कृती तीच. प्रत्येक फेरीत सळसळ वाढायची, विजेची 50 हर्ट्झची घरघर त्यात मिसळायची आणि तिसऱ्या फेरीनंतर गायक विहिरीतून गातोय असं वाटायचं. दोन टेपांचा वेग थोडा वेगळा असायचा, म्हणून सूरही सरकायचा. काळी एकवरची पेटी परत ऐकताना पांढरी एक आणि काळी एक यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळायची.

ही अडचण 1979 मध्ये टीॲकच्या 'पोर्टास्टुडिओ 144'ने सोडवली. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, चारही एकाच दिशेने, आणि टेपचा वेग दुप्पट. म्हणून 60 मिनिटांच्या कॅसेटवर मावायची फक्त 15 मिनिटं. सोबत छोटा मिक्सर. तीन ट्रॅक भरून ते चौथ्यावर उतरवले की तीन पुन्हा मोकळे. जानेवारी 1982 मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात या यंत्रापुढे बसला, तो बँडला दाखवायला कच्चा नमुना करावा म्हणून. मग स्टुडिओत बँडसह तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवरचा एकटेपणा काही तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून निघाली. संपूर्ण साथ हजर असताना कुणी ती नाकारावी, हे मला या कथेतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आपल्याकडे पोर्टास्टुडिओ फारच थोड्यांनी पाहिला असेल. आपली साथ दुसऱ्या दाराने आली. बंगळुरूत एचएएलमधले अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी 1979 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला. मागोमाग तबल्याचे बोल वाजवणारी यंत्रं आली. एकट्याने रियाज करणाऱ्याला दिवसभर न थकणारा तबलजी मिळाला. त्याच काळात कॅसिओटोन आला आणि इतका पसरला की ऑर्केस्ट्रात, मंडळात कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणू लागले. त्यात वॉल्ट्झ, बोसानोव्हा असे परदेशी ठेके होते, आपला केरवा नव्हता. म्हणून कित्येक घरगुती अभंग त्या काळात चक्क बोसानोव्हावर बेतले गेले! केरवा आणि दादरा पुढे भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत आले.

1983 मध्ये मिडी हा ठराव झाला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेवर एकमेकांशी बोलू लागली. दोनच वर्षांनी अटारीने मिडीची सोय असलेला संगणक काढला. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी घराच्या परसातच 'पंचतन' हा स्टुडिओ उभारला. 'रोजा'चं संगीत 1992 मध्ये आलं ते तिथूनच. घर आणि स्टुडिओ यांच्यातली भिंत आपल्या देशात कधी पडली असं कुणी विचारलं तर मी हेच वर्ष सांगेन. अर्थात परसातला तो स्टुडिओ सगळ्यांच्या परसात मावण्यासारखा नव्हता.

पुढचा टप्पा भराभर. 1996 मध्ये क्यूबेस या सॉफ्टवेअरने मिक्सर आणि इफेक्ट संगणकाच्या आत आणले, 1997 मध्ये बेल्जियममधून फ्रुटीलूप्स आलं, 2000 मध्ये फुकट मिळणारं ऑडॅसिटी, 2004 मध्ये गॅरेजबँड. ट्रॅक मोजणं थांबलं. 2014 मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझीने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर आपलं रॅप रेकॉर्ड केलं, त्याचा व्हिडिओही त्यावरच काढला आणि तो गाजला. रॅप हा प्रकार घरच्या रेकॉर्डिंगला मानवतो याचं कारण उघड आहे: ठेका आधीच तयार, वर एकच आवाज.

जुनी फट मात्र नव्या रूपात हजर आहे. संगणक आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतो, त्या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात, आणि हे नमुने तो तुकड्यातुकड्यांनी घेतो. 256 नमुन्यांचा तुकडा आणि सेकंदाला 44,100 नमुने असतील तर एका तुकड्याला जवळपास सहा मिलिसेकंद लागतात, आणि आत जाताना, बाहेर येताना ते साठत जातात. यालाच लेटन्सी म्हणतात. ब्लूटूथ हेडफोन लावून गायलं तर उशीर इतका होतो की चांगला तालात गाणाराही मागे पडतो आणि दोष आपल्या तालीमीला देतो. वायरचा हेडफोन लावावा, बस.

खोलीचं म्हणाल तर गोधडी अजून चालते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून गायलं की वरच्या पट्टीतला घुमार बराच मरतो. फ्रिजची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकचा खर्ज मात्र गोधडीला जुमानत नाहीत. पंखा बंद करावाच लागतो. मे महिन्यात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांमध्ये टेक कमी असतात ते त्यामुळे.

घरात एकटा असलेला हा माणूस कायद्याच्या लेखी चार जण असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, गायकाचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा. नोंदणी केली नाही तरी हक्क निर्माण होतो. शब्द-चालीचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून 60 वर्षं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. पूर्वी एकरकमी पैसे घेऊन अनेकांनी ते केलं होतं. गोम एकच: इंटरनेटवरून उचललेल्या तयार ठेक्यावर गाणं रचलं असेल तर त्या चारांत पाचवा शिरतो आणि त्याच्या परवान्यात काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं.

माझी तक्रार क्लिकबद्दल आहे. मेट्रोनोमची टिकटिक कानात घेऊन गायलं की प्रत्येक ट्रॅक चौकटीत बसतो, तुकडे जोडता येतात. पण भावगीतात शब्दावर रेंगाळायचं असतं, आणि कसलेला तबलजी तुमच्याबरोबर रेंगाळतो. क्लिक थांबत नाही. घरी केलेली बरीचशी मराठी गाणी चार मात्रांच्या चौकोनात सरळ चालतात, सात मात्रांचा रूपक क्वचितच भेटतो, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. सॉफ्टवेअर उघडलं की समोर चाराचीच चौकट मांडलेली असते.

म्हणून काही जण उलटं करतात. आधी फक्त तानपुऱ्यावर गायचं, क्लिक नाही. मग ती फाइल दुसऱ्या गावातल्या तबलजीला पाठवायची. तो आपल्या घरी ती ऐकत, तिच्या कलाने वाजवतो आणि नुसता तबल्याचा ट्रॅक परत पाठवतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवली तर आवाज दाबला जातो, म्हणून वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाकतात. आणि गायकाने गाण्याआधी एक टाळी वाजवून ठेवायची, तबलजीने त्याच टाळीबरोबर आपली टाळी द्यायची. नंतर दोन्ही फायलींतल्या टाळ्या एकमेकींवर बसवल्या की ठेका जागेवर येतो.