ड्राय फायरिंग (नेमबाजी)

छर्रा किंवा गोळी न भरता, रिकाम्या शस्त्राने नेम धरून ट्रिगर दाबण्याचा सराव. नेमबाजांच्या बोलण्यात नुसते ‘ड्राय’. मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांतून रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या ठिकाणी) जायचे तर जिल्ह्याचे ठिकाण, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. त्यामुळे गंगाखेड-उदगीरकडच्या खेळाडूचा बराचसा सराव घरीच होतो. मात्र ड्राय म्हणजे रेंज नसल्याची तडजोड नव्हे. रेंज दाराशी असलेले नेमबाजही तो करतात, कारण ट्रिगर दाबताना हात नेमका कुठे हलतो, हे धक्का आणि आवाज नसतानाच दिसते.

आधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करायची. चेंबर, म्हणजे छर्रा किंवा गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहायचे. छर्रे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवायचे. मध्ये चहाला उठले तरी परत आल्यावर तपासणी पहिल्यापासून. नळी भरीव भिंतीकडेच. दार, खिडकी किंवा पत्र्याच्या आडोशाकडे कधीही नाही. यात कोणालाही सूट नाही, प्रशिक्षकालाही नाही.

एअर प्रकारांत, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या शस्त्रांच्या स्पर्धेत, लक्ष्य १० मीटरवर असते. सलग एवढी जागा फार थोड्या घरांत मिळते, म्हणून लक्ष्य त्या प्रमाणात लहान करतात. एअर पिस्तुलाच्या लक्ष्याचा काळा भाग ५९.५ मि.मी. व्यासाचा असतो, ५ मीटरवर तो सुमारे ३० मि.मी. काढावा. एअर रायफलचा ३०.५ मि.मी.चा भाग १५ मि.मी. होतो. उंचीचा हिशेब मात्र अनेकांचा चुकतो. स्पर्धेत लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो. निम्म्या अंतरावर तो डोळ्याची उंची आणि १.४ मीटर यांच्या बरोबर मधोमध यायला हवा, डोळा १.६ मीटरवर असेल तर १.५ मीटरवर. नाहीतर हाताला चुकीच्या कोनाची सवय लागते.

नवशिक्याने लक्ष्य काढून कोऱ्या भिंतीवर सराव करावा. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा मोह नसला की नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकाकडील नेम धरण्याच्या खुणेवर) टिकते आणि बोट सावकाश मागे येते. नळीच्या टोकाशी नाणे ठेवून ट्रिगर दाबायचा. नाणे पडले तर बोटाबरोबर मनगटही हलले. ट्रिगर सुटल्यावरही क्षणभर नेम धरून ठेवायचा, हा फॉलो-थ्रू.

स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तूल-रायफलींत ड्रायची सोय असते. नळी दुमडून भरायची स्प्रिंगची एअरगन मात्र रिकामी चालवू नये; पुढे हवेचा अडसर नसल्याने पिस्टन जोरात आदळतो. .२२ रिमफायरमध्ये (काडतुसाच्या कडेवर ठोका बसून गोळी सुटते अशा शस्त्रात) ठोका देणारी फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, म्हणून नकली काडतूस लागते. काडतुसांच्या शस्त्रांना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो आणि एनसीसीच्या रायफली शस्त्रागारातच राहतात. त्यामुळे घरचा ड्राय मुख्यतः एअर प्रकारांचा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत रायफल नेमबाजाचे जाड जॅकेट घालून उभे राहणे अशक्यच, आणि घामाने पिस्तुलाची पकडही सरकते. तेव्हा पहाटेची वेळ बरी. हात थकून थरथरू लागला की तिथेच थांबावे; त्यानंतरच्या प्रत्येक ट्रिगरमागे चुकीची सवयच पक्की होते.