न्यूट्रल मारणं वेगळं, रेस सोडणं वेगळं

पाचगणीहून वाईला येताना पसरणीचा घाट लागला की गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, न्यूट्रल मारा की आता. उताराला कशाला पेट्रोल जाळताय?" हेतू चांगला असतो. पेट्रोल वाचावं, धूर कमी व्हावा असं मलाही वाटतं. म्हणूनच हा सल्ला ऐकून वाईट वाटतं, कारण त्याने पेट्रोल वाचत नाही, उलट जास्त जातं.

गाडी न्यूट्रलला सोडणं आणि गिअरमध्येच ठेवून रेसवरचा पाय काढणं, हे बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हीत पाय मोकळा आणि दोन्हीत गाडी आपसूक उतरते.

न्यूट्रलमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटी होतात. पण इंजिन बंद पडत नाही, आणि ते चालू राहायचं तर पेट्रोल हवंच. लहान पेट्रोल मोटार नुसती उभी असली तरी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. घाट उतरायला वीस मिनिटं लागली तर पाव लिटरच्या आसपास गेलं. एक लिटर पेट्रोल जळालं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; त्या हिशेबाने हे अर्धा किलोच्या वर झालं, तेही गाडीला तसूभरही न ढकलता.

आता खरी गोम. गाडी गिअरमध्ये असेल तर उताराला इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. म्हणजे इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोलची गरजच उरत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतला छोटा संगणक हे ओळखतो. रेसवर पाय नाही आणि इंजिनाचे फेरे पुरेसे आहेत असं दिसलं, की तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. पुरवठा कमी होत नाही, शून्य होतो. फेरे घसरून इंजिन बंद पडण्याच्या बेताला आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. हे इतकं अलगद होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही, आणि त्यामुळेच कुणाचा विश्वास बसत नाही.

न्यूट्रलची समजूत हवेतून आलेली नाही. कार्बोरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काळात ती बरीचशी खरी होती. तिथे पुरवठा तोडणारं कुणी नव्हतं. रेस सोडली तरी फिरतं इंजिन स्वतःच्या ओढीने पेट्रोल खेचतच राही, आणि फेरे जास्त तितकी ओढ जास्त. मोटारींतून कार्बोरेटर २००० सालाच्या आगेमागे गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि दुचाक्याही बहुतेक सगळ्या इंजेक्शनवर आल्या. डिझेलला तर ही समजूत कधीच लागू नव्हती. जुन्या इंजिनांच्या डिझेल-पंपातला, फेरे आवरणारा गव्हर्नरही रेस सोडल्यावर डिझेल तोडायचा.

एक गोष्ट मला फार खटकते. "मी न्यूट्रल मारत नाही हो," असं म्हणणारे कितीतरी जण घाटभर क्लच दाबून बसतात. क्लच दाबला म्हणजे इंजिन सुटं झालं. गिअरची दांडी तिसऱ्यात असली तरी ते न्यूट्रलच. पाय क्लचवरून काढा आणि खाली ठेवा.

आणि ब्रेक. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. हजार किलोची गाडी तेवढी खाली येताना बादलीभर पाणी उकळेल इतकी ऊर्जा सुटते. थोडी वारा खातो, थोडी टायर. उरलेली इंजिनाने रोखली नाही तर सगळी ब्रेकवर येते. लायनर जळल्याचा वास येतो तो त्यामुळे, आणि लायनरची बारीक भुकटी हवेतही जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हा एसटीच्या ड्रायव्हर लोकांचा नियम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात किल्ली बंद करून गाडी सोडणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती: तसं करू नका. मोटारीत बंद इंजिनावर ब्रेक दोन-तीन दाबांत दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर लॉकही होतं.

सौम्य उतारावर गिअरमधली गाडी रेंगाळते आणि न्यूट्रलमधली लांब जाते, हे खरं आहे. तिथे वरचा गिअर टाकून हलकी रेस द्यावी. चार थेंबांसाठी हायवेवर गाडी सुटी सोडणं मला पटत नाही. ऑटोमॅटिक असेल तर डीमध्येच ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत तर न्यूट्रल म्हणजे शुद्ध तोटा, कारण रेस सोडल्यावर बॅटरीत परत येणारी वीज येतच नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर गाड्या तुंबल्या असतील तर इंजिन सरळ बंद करा. आणि राजवाड्यापर्यंतच जायचं असेल तर चालत जा.

तुमच्या गाडीत त्या क्षणाचं एव्हरेज दाखवणारी पट्टी असेल, तर पुढच्या वेळी घाट उतरताना शेजारच्याला ती बघायला सांगा. गिअरमध्ये रेस सोडली की ती थेट टोकाला जाऊन थांबते.