धावण्याचे बूट : निवड आणि रोटेशन

रोजच्या ट्रेनिंगसाठी बूट कसे निवडायचे, आणि दोन-तीन जोड असतील तर ते आलटून-पालटून कसे वापरायचे, एवढ्यापुरती ही नोंद आहे. ट्रॅकचे स्पाइक्स आणि डोंगरवाटांचे ट्रेल शूज हा वेगळा विषय, आणि रेसच्या बुटांचा उल्लेख गरज पडेल तिथेच. बुटाचे मुख्य भाग तीन, पाय धरून ठेवणारं वरचं कापड म्हणजे अपर, रस्त्याला लागणारं रबर म्हणजे आउटसोल, आणि या दोघांमधला फोम म्हणजे मिडसोल. वाद जे काही आहेत ते जवळपास सगळे मिडसोलवरून आहेत.

फोम आला तो साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यावर. त्याआधी ट्रेनिंगचे बूट म्हणजे मुख्यतः रबराचा तळ. मग ईव्हीए नावाचा हलका फोम आला आणि पुढची कितीतरी वर्षं तोच चालला. २०१३ मध्ये आदिदासने बूस्ट आणलं, ते टीपीयूच्या (एक लवचिक प्लास्टिक) फुगवलेल्या दाण्यांचं होतं, आणि २०१७ पासून रेसच्या बुटांत पीबा जातीचा, जास्त हलका आणि उसळणारा फोम आणि त्यात बसवलेली ताठ कार्बन प्लेट आली. आता हे फोम रोजच्या बुटांतही उतरलेत.

प्रोनेशनचा वाद

पाय टेकला की घोटा थोडा आत कलतो, याला प्रोनेशन म्हणतात. ते सगळ्यांच्याच पायात होतं, तो काही आजार नाही. पण १९८० च्या दशकापासून अशी एक पद्धत रुळली की ओल्या पायाचा ठसा बघायचा, त्यावरून कमान सपाट, मध्यम की उंच ते ठरवायचं आणि त्या हिशोबाने मोशन कंट्रोल (पायाचं आत कलणं सगळ्यात जास्त रोखणारा), स्टॅबिलिटी (थोडं रोखणारा) किंवा न्यूट्रल (मुद्दाम न रोखणारा) बूट द्यायचा. ऐकायला हे अगदी पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

याची सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकन सैन्यात झाली. नेपिक आणि सहकाऱ्यांनी भूदल, हवाई दल आणि मरीन कोअर अशा तिन्ही ठिकाणच्या नव्या भरतीवर प्रयोग केले, ते २००९-१० च्या सुमारास छापून आले. एका गटाला तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटाला आकार कसाही असला तरी सरसकट स्टॅबिलिटी बूट दिले. दुखापतींत म्हणावा असा फरक निघाला नाही. मग २०१४ मध्ये डेन्मार्कमधून नील्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात ९२७ नवख्या धावणाऱ्यांना एकाच प्रकारचा न्यूट्रल बूट देऊन वर्षभर बघितलं, आणि घोटा आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती होतात असं काही दिसलं नाही.

दुसऱ्या बाजूला लक्झेंबर्गच्या मालिसू आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग आहे. ३७२ धावणारे, सहा महिने, आणि त्यात मोशन कंट्रोलवाल्यांना दुखापती कमी झाल्या, विशेषतः ज्यांचा पाय आत कलतो त्यांना. म्हणजे सैन्याच्या प्रयोगांनी ही कल्पना पूर्ण निकालात काढली असं म्हणता येत नाही. तरी २०२२ च्या कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढाव्यात सगळे प्रयोग एकत्र तपासून जे निघालं ते असंच की बुटाच्या प्रकाराने दुखापती कमी होतात याचा पुरावा कच्चा आहे. नुसता ओला ठसा बघून बूट ठरवू नये हे मत जास्त टिकणारं वाटतं. पण ज्याचं स्टॅबिलिटी बुटात वर्षानुवर्षं बरं चाललंय त्याला उगाच तिथून हलवायचंही कारण नाही.

मग निवडायचं कशावरून? कॅनडातल्या कॅल्गरीचे, शरीराच्या हालचालींचे अभ्यासक बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये मांडलं की पायाला जो बूट आरामदायी वाटतो तोच शरीराच्या नैसर्गिक हालचालीला कमी अडवतो, त्यामुळे आराम हाच गाळणीसारखा वापरावा. त्यामागे म्युंडरमन आणि सहकाऱ्यांचा २००१ चा सैनिकांवरचा अभ्यास आहे, पण तो बुटांचा नव्हे, आतल्या इनसोलचा होता हे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय दुकानात पाच मिनिटं उभं राहून वाटलेला आराम आणि दहाव्या किलोमीटरला वाटणारा आराम एकच असेल असं नाही. तरीसुद्धा आज हातात असलेल्या कसोट्यांमध्ये ही सगळ्यात उपयोगी आहे.

मापाचं थोडक्यात. बूट संध्याकाळी घालून बघावा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, ज्या सॉक्समध्ये धावणार तेच घालावेत, आणि सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. दोन पाय क्वचितच सारखे असतात, माप मोठ्या पायाचं. चवडा दाबला जात असेल तर नंबर वाढवण्याआधी रुंद मॉडेल मिळतं का बघावं, कारण लांबी वाढवली की टाच सुटते आणि मग नखं काळी पडणं, फोड येणं हे मागोमाग आलंच.

कुशनिंग आणि ड्रॉप

टाचेखालची उंची आणि चवड्याखालची उंची यातला फरक म्हणजे ड्रॉप, रोजच्या बुटांत तो बहुतेक ० ते १२ मिलिमीटर असतो. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर (अकिलीस टेंडन) जास्त भार येतो, जास्त असला की तो गुडघ्याकडे सरकतो. मालिसूंच्याच गटाने ५५३ जणांवर १०, ६ आणि ० मिलिमीटर ड्रॉप तपासले. एकूण दुखापतींत फरक नव्हता, मात्र अधूनमधून धावणाऱ्यांना कमी ड्रॉप मानवला आणि नियमित धावणाऱ्यांना तो महागात पडला. कुशनिंगवर याच गटाचा २०२० चा ८४८ जणांचा प्रयोग आहे. कडक मिडसोलवाल्यांत दुखापतीचा धोका मऊवाल्यांच्या साधारण दीडपट निघाला, आणि मऊ बुटाचा फायदा वजनदार लोकांना नाही तर हलक्या लोकांना जास्त झाला. जास्त वजन तर जास्त मऊ बूट हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तो या आकड्यांशी जुळत नाही.

बुटाचं आयुष्य

५०० ते ८०० किलोमीटर हा आकडा सगळेच देतात. त्याच्या मुळाशी जाताना बहुतेक वेळा कुक आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा अभ्यास सापडतो. त्यांनी यंत्रावर बूट आपटून बघितले, तर ८० किलोमीटरएवढ्या वापरातच धक्का शोषायची ताकद ७५ टक्क्यांवर आली आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ६० टक्क्यांच्याही खाली गेली. पण खऱ्या माणसांनी तेवढंच अंतर धावलेल्या बुटांत ती साधारण ७० टक्के शिल्लक होती. म्हणजे यंत्र बुटाला माणसापेक्षा जास्त झिजवतं. व्हर्देहो आणि मिल्स यांनी २००४ मध्ये ईव्हीएच्या बुटांत ५०० किलोमीटरनंतर टाचेखालचा कमाल दाब सरासरी दुप्पट झालेला मोजला, आणि ७५० किलोमीटरनंतर सूक्ष्मदर्शकाखाली फोमच्या पेशींच्या भिंती सुरकुतलेल्या, कुठे कुठे भोकं पडलेल्या दिसल्या. याउलट काँग आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये असं आढळलं की सुमारे ३२० किलोमीटर वापरलेल्या बुटात माणूस आपली धावण्याची ढबच किंचित बदलतो आणि पायावरचा बाहेरून येणारा जोर तेवढाच राहतो. या तिन्हींत खरा विरोध नाही, फोम झिजतो हे खरंच, पण शरीर ते बरंचसं सांभाळून घेतं.

म्हणून आकड्यापेक्षा खुणा बघाव्यात. मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्यात का, टेबलावर ठेवला की बूट एका बाजूला कलतो का, आउटसोलमधून फोम दिसायला लागला का, आणि तेवढ्याच रनला पोटरी किंवा गुडघा एरवी नसतो इतका कुरकुरायला लागलाय का.

रोटेशन

शर्यतीला वेगळा हलका बूट आणि सरावाला वेगळा ही विभागणी जुनी आहे, पण सरावातच दोन-तीन जोड फिरवायची सवय फोमच्या जमान्यातली असावी असं दिसतं. ती का करायची याची दोन कारणं दिली जातात.

पहिलं म्हणजे फोमला विश्रांती. रन झाल्यावर मिडसोल परत फुगायला २४ तास किंवा ४८ तास लागतात, मधे वापरला तर बूट लवकर मरतो, असं सांगतात. ईव्हीए दाबला की त्यातल्या बंद पेशी चेपतात, आतली हवा दाबली जाते आणि पाय उचलला की बहुतेक सगळं लगेच परत येतं. थोडंसं राहिलेलं काही वेळात येतं, आणि जे कायमचं चेपलंय ते दोन दिवस कपाटात ठेवूनही येत नाही. २४ तासांच्या नियमाला त्यामुळे फारसा आधार दिसत नाही. सुकण्याचं मात्र खरंय, घामाने किंवा पावसाने भिजलेला बूट आतपर्यंत सुकायला एक दिवस सहज जातो आणि ओल्या बुटात फोड लवकर येतात.

दुसरं कारण भार बदलण्याचं, आणि तेच जास्त वजनदार आहे. प्रत्येक बूट पाय थोडा वेगळा वापरायला लावतो, त्यामुळे रोज त्याच स्नायूंवर, त्याच शिरेवर तोच ताण येत नाही. मालिसू आणि सहकाऱ्यांनी २६४ धावणाऱ्यांना २२ आठवडे पाहिलं (ऑनलाइन २०१३, छापील २०१५), त्यात एकाहून जास्त जोड फिरवणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी होता. हा आकडा आता सगळीकडे फिरतो, पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता, बूट चिठ्ठ्या टाकून वाटले नव्हते. जास्त जोड बाळगणारे लोक मुळातच अनुभवी किंवा वेगळ्या सवयींचे असू शकतात. दिशा पटण्यासारखी आहे, टक्केवारी मात्र सैल हाताने धरावी.

भार बदलणं हाच उद्देश असेल तर एकाच मॉडेलचे दोन जोड घेऊन तो साधत नाही, फक्त सुकायची सोय होते. फोम, उंची किंवा ड्रॉप यातलं काहीतरी वेगळं हवं. आठवड्यात तीन दिवस धावणाऱ्याला दोन जोड पुष्कळ झाले, एक जाड आणि मऊ, इझी आणि लाँग रनसाठी, दुसरा हलका आणि थोडा कडक, टेम्पो (सलग जोरदार वेगाचा रन) किंवा इंटरव्हलसाठी (वेगवान आणि सावकाश तुकडे आलटून-पालटून). दोनच दिवस धावत असाल तर एकच चांगला बूट पुरतो, रोटेशनसाठी मुद्दाम खर्च करायची गरज नाही. कार्बन प्लेटवाला बूट रोज घालू नये असं म्हणतात, २०२३ मध्ये असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याची नोंद छापून आली. पाच जणांवरून नियम बांधता येत नाही, पण आणखी पुरावा येईपर्यंत असा बूट मोजक्या रनसाठीच ठेवणं बरं.

नवा जोड जुना संपायच्या आधीच, तो अर्ध्यावर असताना सुरू करावा आणि पहिले काही रन छोटे ठेवावेत. नव्याचा ड्रॉप ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कमी असेल तर काही आठवडे तो फक्त छोट्या इझी रनलाच घालावा, पोटरी सकाळी उठल्यावर आखडलेली असेल तर त्या दिवशी जुनाच जोड. प्रत्येक जोडाचे किलोमीटर वेगळे लिहून ठेवावेत, कारण फिरवून वापरताना कुठला किती झिजलाय हे नुसतं आठवून सांगता येत नाही.