जॅझच्या जुन्या ध्वनिमुद्रिका : संग्रह आणि पुनर्मुद्रणांची तुलना

एलपी (लाँग प्ले) तबकड्यांच्या भराच्या काळात, म्हणजे मुख्यतः १९५० ते १९७० च्या दरम्यान, प्रसिद्ध झालेल्या जॅझच्या व्हिनाइल ध्वनिमुद्रिका जमवणे, हाती आलेली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते ओळखणे आणि एकाच ध्वनिमुद्रणाची जुनी-नवी प्रेसिंग्ज (त्या त्या वेळी कारखान्यात दाबून काढलेल्या प्रती) पाठोपाठ ऐकून त्यांतला फरक ठरवणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. संग्राहकांच्या बोलण्यात ‘पहिले प्रेसिंग’ हा शब्द आदराने येतो आणि बाजारभावही त्याच्याभोवतीच फिरतो. परंतु पहिली प्रत तीच सर्वांत चांगली वाजणारी प्रत, असे गृहीत धरता येत नाही. जुन्या पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्याला लेखनिकांच्या हातचे दोष ठाऊक असावे लागतात, तसेच इथे टेपपासून तबकडीपर्यंतच्या वाटेवर कोणाकोणाचे हात लागले हे ठाऊक असावे लागते.

कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, बारीक खाचांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटांचेच वादन मावत असे. एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटे मावू लागली, त्याच सुमारास स्टुडिओंत चुंबकीय टेप रुळली, आणि ऐन वेळी सुचणाऱ्या वादनावर उभ्या असलेल्या या संगीताला तबकडीवर प्रथमच ऐसपैस जागा मिळाली. १९३९ मध्ये स्थापन झालेली ब्लू नोट, १९४९ मधील प्रेस्टिज, १९५३ मधील रिव्हरसाइड, लॉस एंजेलिसची काँटेंपररी, नॉर्मन ग्रँझ यांची व्हर्व्ह आणि १९६० मध्ये सुरू झालेली इंपल्स या कंपन्यांच्या तबकड्यांना आज सर्वाधिक मागणी असते. यांपैकी अनेक कंपन्या अगदी लहान होत्या आणि त्यांच्या आवृत्त्याही लहान निघत. शिवाय ज्यांनी त्या तबकड्या घेतल्या त्यांनी त्या जड सुईखाली, मित्रमंडळींत, मनसोक्त वाजवल्या. सुस्थितीतल्या प्रती दुर्मीळ का, याचे उत्तर तिथेच आहे.

तबकडी कशी बनते हे समजल्याशिवाय प्रेसिंगमधला फरक समजत नाही. मूळ टेप वाजवून तिचा आवाज कटिंग लेथ या खाच कोरणाऱ्या यंत्राच्या तापलेल्या सुईने लॅकरवर कोरला जातो. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेली ॲल्युमिनियमची चकती. तिच्यावर चांदीचा पातळ थर व मग निकेल चढवून सोलून काढलेल्या उलट्या ठशाला ‘फादर’, त्याच्यावरून घेतलेल्या सुलट्या ठशाला ‘मदर’ आणि मदरवरून घेतलेल्या उलट्या ठशाला ‘स्टँपर’ म्हणतात. तबकड्या दाबल्या जातात त्या स्टँपरने, आणि साधारण हजारेक प्रतींनंतर तो झिजू लागतो. म्हणून एकाच आवृत्तीतली सुरुवातीची प्रत आणि त्याच स्टँपरची शेवटची प्रत सारखी वाजेलच असे नाही. तरीही आवाजावर सर्वांत खोल ठसा उमटतो तो लॅकर कोरणाऱ्या इंजिनिअरचा. १९५० च्या दशकात घरोघरी असलेल्या साध्या रेकॉर्ड प्लेअरची सुई खर्जाच्या जोरदार स्वरांवर उडू नये म्हणून कोरताना खालचा आवाज कमी करणे आणि मोठ्या-लहान आवाजातले अंतर आवळणे ही त्या काळची रीतच होती. त्यामुळे टेपवर असलेला डबल बासचा पूर्ण भार कित्येक मूळ तबकड्यांत पोहोचलाच नाही.

प्रत ओळखण्याची पहिली जागा म्हणजे शेवटची खाच आणि मधले लेबल यांच्यामधली कोरी पट्टी, जिला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. ब्लू नोटची एखादी जुनी तबकडी दिव्याखाली तिरकी धरून हळूहळू फिरवली, की या पट्टीत एकेक खूण उजेडात येते. सर्वप्रथम दिसतो तो कॅटलॉग क्रमांक, त्याला जोडून आलेले बाजूचे अक्षर आणि बहुधा मोनो वा स्टिरिओ यांची खूण. मग ‘आरव्हीजी’ ही अक्षरे दिसतात, आरंभीच्या तबकड्यांवर हाताने कोरलेली व नंतर ठशाने उमटवलेली. पुढच्या वर्षांत त्यांची जागा ‘व्हॅन गेल्डर’ या आडनावाच्या ठशाने घेतली. रूडी व्हॅन गेल्डर हे व्यवसायाने नेत्रतपासनीस होते. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी स्टुडिओ थाटला, १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्स येथे स्वतंत्र वास्तूत तो हलवला आणि ध्वनिमुद्रणाप्रमाणे लॅकरही स्वतःच कोरले. ज्याने वादन टिपले त्याच्याच हातची खाच, ही या ठशाची खरी किंमत आहे. तबकडी आणखी थोडी फिरवली की वळणदार ‘पी’सारखे एक चिन्ह दिसते. ते प्लास्टिलाइट या कारखान्याचे, आणि आकारावरून संग्राहकांनी त्याचे नाव ‘कान’ ठेवले आहे. १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेल्यावर प्रेसिंग दुसऱ्या कारखान्यांत होऊ लागले आणि कान नाहीसा झाला.

लेबलावरचा पत्ताही काळ सांगतो. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३ वा रस्ता, मग नुसते ‘न्यू यॉर्क यूएसए’, असा ब्लू नोटच्या पत्त्याचा प्रवास लेबलांवर छापलेला आहे. लेबलावर उठलेली खोल गोल खाच, म्हणजे ‘डीप ग्रूव्ह’, ही प्रेसच्या जुन्या साच्यांची खूण आहे. ती साधारण १९६१ पर्यंतच्या तबकड्यांवर सर्रास आढळते, पण जुने साचे नंतरही अधूनमधून वापरले गेल्याने केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. सॅक्सोफोनवादक हँक मोब्ली यांच्या ब्लू नोट १५६८ या १९५७ च्या तबकडीची कथा प्रसिद्ध आहे: तिच्या पहिल्या प्रेसिंगच्या दोन बाजूंवर पत्त्याचे दोन वेगळे मजकूर छापलेली लेबले आढळतात. कारखान्यात उरलेली लेबले आधी संपवली जात, एवढेच याचे साधे कारण. लेबलावरून तारीख काढताना हे कारण विसरले की चूक होते.

मोनो की स्टिरिओ, हा वाद या छंदात कधी संपत नाही. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास सर्वत्र आल्या. व्हॅन गेल्डर काही काळ मोनो व दोन ट्रॅकचे मुद्रण एकाच वेळी, वेगवेगळ्या यंत्रांवर करत होते. १९५८ च्या अखेरीस त्यांनी स्वतंत्र मोनो टेप थांबवली आणि पुढच्या मोनो तबकड्या दोन ट्रॅक एकत्र करूनच कोरल्या गेल्या. म्हणजे १९५७ ची मोनो प्रत हे एक स्वतंत्र मुद्रण आहे, तर १९६२ ची मोनो प्रत स्टिरिओचीच घडी घातलेली आहे. तरीही ही दुसरी प्रत ज्यांना अधिक भरीव वाटते त्यांचे म्हणणे सोडून देण्याजोगे नाही, कारण त्या काळच्या स्टिरिओत वाद्ये अगदी डावीकडे व अगदी उजवीकडे लोटलेली असत आणि मध्ये पोकळी राही. जुनी मोनो तबकडी ऐकताना मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचा विद्युत्-संकेत करणारा भाग) वापरले, तर खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारा खरखराट बराचसा गळून पडतो.

पुनर्मुद्रणांचा इतिहास सरळ चढत्या भाजणीचा नाही. लिबर्टीच्या काळातल्या कित्येक तबकड्या जुन्या धातूच्या ठशांवरूनच निघाल्या. त्यांच्यावर कान नाही, पण व्हॅन गेल्डरचा ठसा आहे, आणि ऐकण्यापुरते पाहिले तर त्या पहिल्या प्रेसिंगच्या अगदी जवळ जातात. ज्याला संगीत हवे आहे आणि खिसा आवरायचा आहे त्याने आधी याच शोधाव्यात. जपानमध्ये किंग कंपनीने १९७७ पासून ब्लू नोटच्या आवृत्त्या काढल्या, नंतर ते काम तोशिबा-ईएमआयकडे गेले. शांत पृष्ठभाग, जाड पुठ्ठ्याचे सुबक कव्हर आणि कडेला गुंडाळलेली ‘ओबी’ ही कागदी पट्टी यांमुळे जपानी प्रती नावाजल्या गेल्या, पण त्या बहुधा अमेरिकेतून आलेल्या टेपच्या नकलेवरून कोरलेल्या असत आणि त्यांतला तारस्वर पुष्कळदा वाजवीपेक्षा उजळ लागतो. प्रेस्टिज व रिव्हरसाइड यांचे संग्रह विकत घेतलेल्या फँटसी कंपनीने १९८० च्या दशकात ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही स्वस्त मालिका काढली. तिच्यात भपका नाही, पण आजही ती विश्वासाची आहे.

सध्याच्या उंचीची सुरुवात २००७ च्या सुमारास म्युझिक मॅटर्स या कंपनीने ब्लू नोटच्या ध्वनिमुद्रणांचे ४५ फेऱ्यांच्या दोन-दोन तबकड्यांवर पुनर्मुद्रण केले तेव्हा झाली. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या खाचेत ३३⅓ फेऱ्यांना सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ मात्र जेमतेम २१; म्हणूनच बाजूच्या अखेरीस झांजा आणि ट्रंपेट चिरकू लागतात. ४५ फेऱ्यांना हा वेग ३५ टक्क्यांनी वाढतो आणि चिरकणे कमी होते. त्याचा मोबदला म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी उठावे लागते. २०१९ मध्ये जो हार्ली यांच्या देखरेखीखाली ब्लू नोटची ‘टोन पोएट’ मालिका सुरू झाली. तिचे लॅकर केव्हिन ग्रे मूळ टेपवरून कोरतात. जाहिरातींत ठळकपणे छापला जाणारा ‘१८० ग्रॅम’ हा आकडा आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. ‘टेप कोणती आणि कोरले कोणी’ या दोन प्रश्नांची उत्तरे कव्हरवर नसतील, तर वजनावर जाऊ नये. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या, निखळ अ‍ॅनालॉग समजल्या जाणाऱ्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा असल्याचे उघड झाले. त्याच तबकड्यांची चोखंदळ श्रोत्यांनी वर्षानुवर्षे वाखाणणी केली होती, तेव्हा माहिती दडवल्याबद्दलचा राग रास्त असला तरी आवाजाबद्दलचे आधीचे मत त्यामुळे खोटे ठरत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला युरोपातली निनावी पुनर्मुद्रणे आहेत. तिथे ध्वनिमुद्रणांचे संरक्षण पूर्वी ५० वर्षांचे होते. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने ते ७० वर्षांचे झाले, पण १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणे तोवर मोकळी झाली होती. त्यामुळे जॅझचा सुवर्णकाळ जवळजवळ सगळाच कोणालाही छापता येतो आणि मूळ टेप हाताशी नसल्याने पुष्कळदा सीडीवरूनच तबकडी कोरली जाते. कव्हर चकचकीत असते, आवाज मात्र सपाट.

मूळ प्रतीवर पुनर्मुद्रणाने निर्विवाद मात केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माइल्स डेव्हिस यांची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’. तिची पहिली बाजू २ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कमधील कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेप-यंत्र किंचित सावकाश चालत होते. ती टेप योग्य वेगाने वाजवल्यावर तिन्ही रचना किंचित चढ्या स्वरात लागतात, आणि लॅकर तिच्यावरूनच कोरला गेल्याने पुढची तीस-पस्तीस वर्षे जगाने ही बाजू चढ्या स्वरातच ऐकली. शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून १९९२ मध्ये सीडीवर दुरुस्ती झाली, आणि त्याच दशकात व्हिनाइलवरही दुरुस्त आवृत्ती आली. ‘सहा डोळ्यांच्या’, म्हणजे डोळ्यासारखी सहा चिन्हे असलेल्या, कोलंबियाच्या लेबलाची पहिली प्रत ही ऐतिहासिक वस्तू म्हणून अमूल्य आहे, पण बँडने त्या दिवशी कोणत्या सुरात वाजवले हे तिच्यात सापडणार नाही.

तुलना करताना सर्वांत मोठा धोका आवाजाच्या पातळीचा असतो. दोन तबकड्यांत एक डेसिबलहूनही कमी फरक असेल, तर कान तो ‘मोठा’ म्हणून ओळखत नाही, ‘अधिक जिवंत’ म्हणून ओळखतो, आणि कौल जोरात कोरलेल्या तबकडीकडे झुकतो. म्हणून दोन्हींची पातळी आधी जुळवावी, शक्य तर मोजून. तबकड्यांची जाडी वेगळी असेल तर सुईचा कोन बदलतो, तेव्हा टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची, उंची पुन्हा पाहावी. दोन्ही तबकड्या धुतलेल्या असाव्यात आणि कोणती वाजते आहे हे दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्यावे. अख्खी बाजू ऐकत बसण्यापेक्षा एखादी ठरावीक जागा निवडून तिथेच परत परत यावे. ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘सो व्हॉट’मध्ये पियानो आणि बासची संथ सुरुवात व त्यामागची मुख्य धून संपून माइल्स यांचा सोलो सुरू होतो त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक मोकळा आघात करतात; ती झांज कितीदा वाजवली तरी परीक्षेला उतरते. चांगल्या प्रेसिंगवर आधी काठीचा स्पर्श कळतो, मग धातू फुलतो आणि ट्रंपेटच्या मागे बराच वेळ विरत राहतो. झिजलेल्या वा अति उजळ तबकडीवर त्याचा नुसता ‘छस्स’ उरतो. तसेच पॉल चेंबर्स यांचा बास: स्वराच्या आधी तारेवर बोट पडल्याचे कळते की नुसता गुंजारव येतो, एवढे पाहिले तरी निम्मी परीक्षा होते.

प्रतीची स्थिती मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी (‘व्हेरी गुड’) प्लस, व्हीजी अशा उतरत्या श्रेणींत सांगतात. ही श्रेणी बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहून दिलेली असते आणि जड सुईने खाचेची आतली भिंत घासली गेली असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. बारीक ओरखडे असूनही स्वच्छ वाजणाऱ्या तबकड्या असतात, आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या असूनही सॅक्सोफोनच्या प्रत्येक चढत्या स्वरावर फाटणाऱ्याही. जुनी प्रत घेण्याआधी बाजूच्या शेवटची दोन मिनिटे वाजवून पाहणे हा यावर एकच खात्रीचा उपाय आहे.

मूळ टेप आहे तोवरच तिच्याकडे परत जाता येते. १९७८ मध्ये न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथे अटलांटिक कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत बहुतांशी अप्रकाशित मुद्रणांच्या टेप गेल्या. २००८ मध्ये हॉलिवूडजवळच्या युनिव्हर्सलच्या आवारातल्या आगीत मूळ टेपांचा साठा जळाला, आणि त्यात नेमके किती गेले यावर पुढे वाद झाला. टेप गेली, की टेपची एखादी नक्कल किंवा कोणाच्या तरी कपाटात उभी ठेवलेली, न झिजलेली जुनी तबकडीच मूळ साधन ठरते, आणि पुढची आवृत्ती कोरायची तर इंजिनिअरला तिच्याच खाचेत सुई ठेवावी लागते.