टोमॅटोतला लांडगा

टोमॅटोची भाजी प्लास्टिकच्या डब्यात नेली की डब्याला नारिंगी डाग पडतो. साबणाने कितीही घासला तरी जात नाही. तो डाग लायकोपीनचा. हे लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून ते फोडणीच्या तेलात उतरतं आणि तिथून प्लास्टिकमध्ये मुरतं.

या नावात लांडगा आहे. ग्रीकमध्ये लांडगा म्हणजे ‘लुकोस’. शास्त्रीय नावांत त्याचं ‘लायको’ झालं. टोमॅटो अमेरिकेतून युरोपात पोचला तेव्हा लोक त्याला बिचकत, कारण झाड धोत्र्याच्या कुळातलं. त्याला ‘लायकोपर्सिकम’, म्हणजे लांडग्याचं पीच, हे नाव चिकटलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ते शास्त्रीय नावात घेतलं आणि रंगद्रव्यालाही तिथूनच नाव मिळालं.

इंग्रजी ‘वुल्फ’ आणि ग्रीक ‘लुकोस’ ऐकायला परके वाटतात, पण ते सख्खे भाऊ आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचं मूळ रूप साधारण ‘व्ल्क्वोस’ असं मांडलं आहे. लिथुआनियन ‘विल्कस’, रशियन ‘वोल्क’ त्यातलेच. आणि संस्कृत ‘वृक’सुद्धा! भीमाला वृकोदर म्हणतात, ते त्याची भूक लांडग्याची म्हणून. ग्रीकमध्ये सुरुवातीच्या ध्वनींची अदलाबदल झाली. आपण ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ करतो, तसंच.

मला खरी गंमत वाटते ती ‘वुल्फ’मधल्या फ ची. इंग्रजी-जर्मनच्या कुळात मूळच्या ‘क्व’चा नियमाने ‘ह्व’सारखा ध्वनी व्हायला हवा होता. तो का आला नाही, यावर अजून वाद आहे. काहींच्या मते भीतीपोटी लोकांनी नाव मुद्दाम बदलून उच्चारलं. रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणणाऱ्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

या ‘वुल्फ’चा जर्मन भाऊ जुन्या पिवळ्या बल्बमध्येही होता. कथिल गाळताना एक खनिज मध्ये आलं की कथिल कमी निघे. लांडग्याने मेंढरं खावीत तसं ते कथिल खातं, असं जर्मन खाणकामगार म्हणत. त्यावरून खनिजाला ‘वुल्फ्राम’ नाव पडलं. 1783 मध्ये स्पेनमध्ये एल्हुयार बंधूंनी त्यातला धातू वेगळा केला. तो म्हणजे टंगस्टन, त्याची खूण आजही डब्ल्यू. तो 3422 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणूनच त्याची तार बल्बमध्ये तापून उजेड देत राहते.

आपला ‘लांडगा’ हा शब्द या कुळातला नाही. प्राणी मात्र त्यात जाऊन बसला आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये दख्खनच्या लांडग्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘पॅलिपेस’, म्हणजे फिक्या पायांचा, म्हटलं. आज त्याचं पूर्ण नाव ‘कॅनिस ल्युपस पॅलिपेस’. त्यातला लॅटिन ‘ल्युपस’ हा वृकाचाच भाऊबंद, आणि तो प्राणी अजूनही आपल्या माळरानावर धनगरांच्या मेंढरांमागे फिरतो.